प्रकल्प नोंदी: नदीचं एक वळण, बारा पॅनेलं, एक मोठा कॅनव्हास

२२ सप्टेंबर: आखणी

तैलरंगात, जागेवर उभं राहून, एकाच दृश्याची बारा छोटी चित्रं पॅनेलांवर (लाकडी पाट्यांवर) करायची. विषय एकच. नदीचं वळण, पलीकडच्या काठावर उंच झाडांची रांग, मागे बुटकी टेकडी. चित्रकाराचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी ऊन पाठीमागून, झाडांवर समोरून पडणार. संध्याकाळी सूर्य झाडांच्या मागे जाणार. एकाच जागेवरून दोन टोकांचे उजेड मिळतात, म्हणून ही जागा पक्की केली.

इझलच्या (चित्र टेकवायच्या तिवईच्या) तिन्ही पायांच्या जागी लाकडी खुंट्या ठोकल्या. हे फाजील वाटेल, पण इझल हातभर जरी सरकलं तरी झाडांमधल्या फटी बदलतात, आणि दुसऱ्या दिवशी कालचं रेखाटन समोरच्या दृश्याशी जुळत नाही. पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

चार उजेड, प्रत्येकी तीन पॅनेलं (अ-१, अ-२, अ-३ असे क्रमांक):
अ: सूर्योदयानंतर २० ते ६० मिनिटं, धुकं असेल तर उत्तम.
ब: सकाळी साडेनऊ ते साडेदहा, स्वच्छ ऊन.
क: पूर्ण ढगाळ, वेळ कोणतीही.
ड: सूर्यास्ताआधीची ४० मिनिटं.

पॅनेलचं माप ३० × ४० सेंमी. शेवटी त्यातल्या एक-दोन पॅनेलांवरून ६५ × ९२ सेंमीचा कॅनव्हास. हे फ्रेंच पद्धतीचं ३० नंबरचं निसर्गचित्राचं माप. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची जी मालिका केली, त्यातली काही चित्रं याच मापाची आहेत.

नियम एकच ठरवला: उजेड गेला की ब्रश खाली. पॅनेल अर्धं राहिलं तरी चालेल, ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुढे न्यायचं. हा नियम किती वेळा मोडला आणि काय झालं, ते पुढे येईलच.

२४ सप्टेंबर: पॅनेलं तयार करणं

६ मिमी जाडीचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा फळा). ३ मिमीचा हलका पडतो, पण एकाच बाजूला प्रायमर लावल्यावर वाकतो. कडा २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून गोल केल्या. कडा आणि पाठ यांना अॅक्रिलिक मीडियमचे दोन हात. एमडीएफ कडेने पाणी पितो आणि फुगतो. फुगलेली कड नंतर कितीही घासली तरी बसत नाही.

पुढच्या बाजूला जेसोचे (पांढऱ्या प्रायमरचे) तीन हात: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. दोन हातांमध्ये चार तास वाळवण आणि हलकी घासाई. तिसऱ्या हातात थोडा यलो ऑकर आणि चिमूटभर काळा अॅक्रिलिक मिसळून उबदार (पिवळसर झाकेचा) फिकट राखाडी रंग आणला. पांढऱ्या शुभ्र पृष्ठभागावर प्रत्येक रंग सुरुवातीला गडद वाटतो, मग हात आपोआप फिकट मिसळायला लागतो. मधल्या टोनचा (ना फार फिकट, ना फार गडद) ग्राउंड, म्हणजे चित्राखालचा पायाचा रंग, असला की पहिल्याच फटकाऱ्यापासून उजेड कुठला आणि सावली कुठली हे कळतं. शिवाय फटकाऱ्यांमधून डोकावणारा ग्राउंड चित्राला बांधून ठेवतो. पांढरा डोकावला तर भोकं पडल्यासारखी दिसतात.

एका पॅनेलवर चाचणी घेतली. तैलरंगाचा पातळ हात दहा मिनिटांत मॅट पडला, म्हणजे जेसो तेल शोषतोय. अॅक्रिलिक मॅट मीडियम आणि पाणी समप्रमाणात घेऊन एक पातळ हात सगळ्या पॅनेलांना दिला. आता रंग वर राहतो आणि ब्रश घसरतो, जेवढा घसरायला हवा तेवढाच. तैलरंग लावण्याआधी तीन दिवस तसंच ठेवायचं.

२७ सप्टेंबर: पॅलेट

१९०५ मध्ये चित्रविक्रेता द्युराँ-र्‍युएलच्या विचारण्यावरून मोनेने आपले रंग कळवले होते: फ्लेक व्हाइट, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट ब्लू आणि एमराल्ड ग्रीन. फ्रेंचमध्ये या नावाने जो ओळखला जातो तो आपला व्हिरिडियन, थंड हिरवा. यादी एवढीच. तीच पायाभूत धरली, दोन-तीन फेरफार करून:

टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम लेमन, कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, क्विनाक्रिडोन रोझ, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. मॅडर आणि अलिझरिन उजेडात उडतात, म्हणून क्विनाक्रिडोन. शिशाचा पांढरा विषारी, म्हणून टायटॅनियम. झिंक व्हाइट मिसळलेला पांढरा टाळला, कारण झिंकचा तैलथर वाळल्यावर ठिसूळ होतो.

काळा ठेवला नाही. काळा वर्ज्यच आहे असं नाही. मोनेसारख्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या (इम्प्रेशनिस्टांच्या) सुरुवातीच्या चित्रांत तो सरळ दिसतो. पण पॅलेटवर काळा असला की सावली म्हटल्यावर हात तिकडेच जातो. अल्ट्रामरीन, क्विनाक्रिडोन आणि व्हिरिडियन यांतून पुरेसा गडद मिळतो, आणि तो निळ्याकडे, जांभळ्याकडे की हिरव्याकडे झुकवायचा हे आपल्या हातात राहतं.

किती रंग काढायचा? ३० × ४० म्हणजे १२०० चौरस सेंमी. सरासरी ०.२ मिमी थर धरला तर २४ मिली रंग लागतो, त्यातला निम्मा पांढरा. चिंचोक्याएवढा पांढरा काढून बसलं की विसाव्या मिनिटाला ट्यूब शोधावी लागते, आणि तेवढ्यात चित्र भिकाऱ्यासारखं पातळ होतं. १२ ते १५ मिली पांढरा एकदम काढायचा. उरलेला काचेवर क्लिंग फिल्मखाली दोन दिवस टिकतो.

२९ सप्टेंबर: पहिला दिवस, फुकट

ब-१ सुरू केलं. ऊन पाठीमागून, थेट पॅनेलवर. छत्री होती, पण वाऱ्यामुळे बंद ठेवली. जागेवर चित्र झगझगीत वाटलं. घरात आणल्यावर काळवंडलेलं, दीड टोन खाली.

कारण साधं आहे. उन्हातलं पॅनेल इतकं उजळ असतं की डोळा आखडतो आणि मिसळलेला प्रत्येक रंग वाजवीपेक्षा फिकट भासतो. मग तो जुळवायला आपण खाली उतरतो. पॅनेल आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत, आणि एकाच सावलीत. पॅनेल सावलीत पण पॅलेट उन्हात, हे त्याहून वाईट, कारण मिसळलेला रंग पॅनेलवर गेला की ओळखूच येत नाही.

छत्री पांढरी किंवा राखाडी, आतून काळी. रंगीत छत्रीखाली सगळं चित्र त्या रंगाचं होतं. शर्टसुद्धा गडद राखाडी. पांढरा शर्ट ओल्या रंगावर चमक टाकतो. छत्रीचा दांडा इझलला न बांधता वेगळ्या खुंटीला बांधला, नाहीतर वाऱ्याचा झोत आला की छत्री इझलसकट उडते.

ब-१ खरवडून पुसलं. पॅनेल वाचलं.

३ ऑक्टोबर: ब-१ पुन्हा

आज नीट जमलं, म्हणून क्रम सविस्तर.

पहिली पाच मिनिटं रेखाटन. ४ नंबरचा फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा ब्रश), अल्ट्रामरीनमध्ये थोडं टर्पेंटाइन. पेन्सिल नाही, ग्राफाइट फिकट रंगात मिसळून तो मळवतो. पाच रेषा पुरतात: पलीकडच्या काठाची रेषा (वरून साधारण दोन-पंचमांशावर), झाडांच्या शेंड्यांचा उतार, टेकडीची कड, पाण्याचं वळण, अलीकडचा काठ. पानं नाहीत, फांद्या नाहीत.

पुढची दहा मिनिटं चार मोठे आकार: आकाश, झाडांचा जमाव, काठाची पट्टी, पाणी. डोळे किलकिले करून प्रत्येक आकाराचा सरासरी रंग, पातळ. सुरुवात सर्वांत गडद जागेपासून, म्हणजे झाडांच्या बुंध्याकडचा काळोख. त्यात पांढरा अजिबात नाही. लगेच सर्वांत उजळ जागा, म्हणजे टेकडीलगतचं आकाश. ही दोन टोकं बसली की बाकी सगळे टोन त्यांच्या मध्येच कुठेतरी असतात आणि तुलना सोपी होते. निसर्गात ऊन आणि सावली यांतला फरक रंगाच्या पांढऱ्या-काळ्यात मावत नाही, तो कित्येक पट जास्त असतो. म्हणून जशाच्या तशा टोनचा हट्ट धरायचा नाही, टोनमधलं अंतर सांभाळायचं.

१५ ते ४० मिनिटं: ऊन आणि सावली वेगळी करणं. खरं काम इथेच.

झाडांची उन्हातली बाजू: कॅडमियम यलो दोन भाग, व्हिरिडियन अर्धा भाग, पांढरा एक भाग, आणि कॅडमियम रेडचा सुईच्या टोकाएवढा अंश. त्या लालाशिवाय हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो. अंश जरा जास्त झाला की हिरवा ऑलिव्हकडे जातो. तेही चालतं, पण शेजारचा फटकारा मग थंड (निळ्याकडे झुकणारा) हवा.

काठावरच्या मातीवर झाडांची सावली. आधी ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळून तपकिरी लावला. काठाला भोक पडल्यासारखं झालं. सावलीवर सूर्य पडत नसला तरी आकाश पडतंच, आणि आकाश निळं. मग कोबाल्ट, थोडा क्विनाक्रिडोन, बराच पांढरा, शेवटी ऑकरची एक बोटभर ओढ. पॅलेटवर हा रंग चक्क जांभळा दिसत होता, लावायला हात कचरत होता. उन्हातल्या पिवळसर मातीच्या शेजारी बसला आणि माती झाला. सावलीत गवताजवळ एक पट्टी मात्र उबदार आहे, कारण उन्हातल्या गवतावरून उजेड उलटून तिथे पडतो. तिथे जांभळ्यात थोडा हिरवा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने पॅरिसमधल्या गोब्लाँ या विणकाम कारखान्याच्या रंगशाळेत हेच पाहिलं होतं. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. रंगाईत खोट नव्हती, शेजारचे धागे काळ्याचा भास बदलत होते. १८३९ च्या त्याच्या ग्रंथाचा गाभा हाच. इथे त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच: सावलीचा रंग एकटा जोखायचा नाही. शेजारचं ऊन आधी लावा, मग सावली मिसळा.

४० ते ५५ मिनिटं: जाड फटकारे. ८ नंबरचा सपाट ब्रिसल ब्रश, दर फटकाऱ्याला नवा रंग भरून. रंग ठेवायचा आणि ब्रश उचलायचा. दुसऱ्यांदा फिरवला की खालचा रंग वर येतो. शेंड्यांवरचं ऊन सर्वांत शेवटी, सात-आठ फटकाऱ्यांत.

५५ व्या मिनिटाला थांबवलं. डावीकडच्या कोपऱ्यात ग्राउंड उघडा राहिला. राहू दे.

४ ऑक्टोबर: अ-१

धुकं. अर्ध्या तासात आटोपलं. धुक्यात टोनचा पल्ला फार लहान असतो. सर्वांत गडद झाडसुद्धा मधल्या राखाडीच्या जरासंच खाली. चूक होते ती रंगाच्या उबेत. धुकं म्हणजे पांढरा मिसळलेला राखाडी नव्हे. सूर्याच्या बाजूला ते गुलाबी-पिवळसर, विरुद्ध बाजूला निळसर. टोन तोच, ऊब वेगळी. हे हुकलं की धुक्याऐवजी धूळ दिसते.

८ ऑक्टोबर: क-१, क-२

ढगाळ उजेड दोन तास टिकतो, म्हणून लोक याला सोपा समजतात. मोकळा वेळ हाच घात करतो. क-१ मध्ये दीड तास पानं चाळवत बसलं गेलं आणि चित्र लोकरीसारखं झालं. क-२ ला मुद्दाम ५० मिनिटांची मर्यादा घातली, ते उजवं आहे.

ढगाळ दिवशी आकाश हीच सर्वांत उजळ जागा असते, आणि वरून येणाऱ्या उजेडामुळे आडव्या पृष्ठभागांना उभ्यांपेक्षा जास्त उजेड मिळतो. म्हणजे पाणी आणि गवत फिकट, झाडांच्या भिंती गडद. स्वच्छ उन्हाच्या सवयीने झाडांना उजळ बाजू देण्याचा मोह होतो. द्यायची नाही. रंग मात्र ढगाळ दिवशी अधिक गडद आणि खरे दिसतात, विशेषतः ओल्या मातीचा तांबूसपणा.

१२ ऑक्टोबर: ड-१, नियम मोडला

सूर्यास्ताआधी ४० मिनिटं सुरुवात. २५ व्या मिनिटाला चित्र लागलेलं होतं: झाडं निळसर जांभळी, कडेला नारिंगी धार, पाण्यावर त्यांच्या लांब सावल्या. मग आकाश आणखी लाल झालं आणि ते घेण्याचा मोह झाला. आकाश लाल केलं, तर पाणी जुन्या उजेडातलं राहिलं. पाणी बदललं, तर झाडांच्या कडेची नारिंगी धार खोटी ठरली. सूर्य गेल्यावर ती धारच उरली नव्हती. शेवटी पॅनेलवर तीन वेगवेगळे प्रहर होते आणि एकही नीट नव्हता.

सूर्य क्षितिजाजवळ असताना रंग मिनिटामिनिटाला पालटतो. पॉप्लर झाडांच्या मालिकेतल्या एका कॅनव्हासचा उजेड मोनेला जेमतेम सात मिनिटं मिळत असे, असं त्याच्या ओळखीच्या अमेरिकी चित्रकार लीला कॅबट पेरीने लिहून ठेवलंय. एका ठरावीक पानावरून ऊन हटलं की तो कॅनव्हास बाजूला आणि दुसरा पुढे. एकाच वेळी अनेक कॅनव्हास सोबत न्यायचं कारण हेच होतं, हौस नव्हे.

उपाय: उद्यापासून ड साठी दोन पॅनेलं न्यायची. एक सूर्य झाडांच्या वर असतानाचं, दुसरं सूर्य झाडांमागे गेल्यानंतरचं. बदल झाला की दुसरं पॅनेल इझलवर. ड-१ खरवडलं नाही, पाठीवर कारण लिहून ठेवलं.

१४ ऑक्टोबर: पाणी

ब-२ आणि ड-२ दोन्हींत पाणी उभं राहिल्यासारखं, भिंतीसारखं दिसतंय. तपासल्यावर तीन गोष्टी सापडल्या.

एक, प्रतिबिंबाचे टोन. गडद वस्तूचं प्रतिबिंब मुळापेक्षा थोडं फिकट, उजळ वस्तूचं थोडं गडद. दोन्ही मधल्या टोनकडे सरकतात. आकाश जसंच्या तसं पाण्यात उतरवलं की पाणी आकाश होतं.

दोन, अंतर. दूरच्या पाण्यावरून नजर फार तिरकी जाते, तिथे प्रतिबिंबच दिसतं. पायाजवळच्या पाण्यात नजर वरून आत शिरते, तिथे पाण्याचा स्वतःचा रंग, तळाचा हिरवट तपकिरी. जवळ येता येता आकाशाचा निळा कमी आणि हा हिरवट जास्त व्हायला हवा. हे उतरवलं की पाणी आडवं पडतं. ब-२ ला नेमकं हेच नव्हतं.

तीन, फटकाऱ्यांची दिशा. प्रतिबिंबं उभ्या हाताने, पातळ, अजून ओली असतानाच. त्यावर वाऱ्याने उठलेले तरंग आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी. दूर बारीक आणि दाट, जवळ रुंद आणि विरळ. सगळीकडे सारख्या मापाचे तरंग काढले की पाणी कापड होतं.

१९ ऑक्टोबर: रंग का मळतो

ब-३ पूर्ण मळलं. हे वारंवार होतं, म्हणून एकदा नीट शोधलं.

पहिला संशय मिश्रणावर असतो, पण तो निम्म्या वेळा खोटा ठरतो. मळलेला म्हणून दिसणारा रंग पॅलेटनाईफने उचलून कोऱ्या कागदावर ठेवला तर बऱ्याचदा चांगला राखाडी निघतो. दोष असतो ऊब-थंडीचा: उन्हाच्या जागी थंड राखाडी किंवा सावलीच्या जागी उबदार राखाडी बसलेला. शेजार बदलला की मळ गायब.

खरा मळ होतो तो ब्रशमुळे. गडद हिरव्यात बुडवलेला ब्रश नुसता पुसून आकाशाला लावला की आकाश गेलं. चार ब्रश एकदम हातात: एक उबदार उजळासाठी, एक थंड उजळासाठी, एक उबदार गडद, एक थंड गडद. टर्पेंटाइनमध्ये सतत बुचकळायचं नाही. ब्रशमध्ये राहिलेलं द्रावण पुढचा फटकारा पातळ करतं, तो खालच्या ओल्या थरात उतरतो. फडक्याने दाबून पुसणं पुरेसं.

आणि खालचा थर जाड असेल तर वरचा टिकत नाही. पहिला थर पातळ ठेवायचा तो यासाठीच.

इथे एक गैरसमज खोडून टाकायला हवा. निळे आणि पिवळे ठिपके शेजारी ठेवले की लांबून हिरवं दिसतं असं सांगतात. करून पाहिलं तर राखाडी दिसतं. हिरवा पॅलेटवरच मिसळायचा. तुटक फटकाऱ्यांचा उपयोग वेगळा आहे: तीन-चार वेगळ्या छटांचे हिरवे, टोन सारखा ठेवून शेजारी लावले की पृष्ठभाग थरथरतो. टोन सारखा नसेल तर थरथर जाते आणि गोंधळ उरतो. तपासायला फोन काळ्या-पांढऱ्यात ठेवून फोटो काढावा. त्यात ठिपके दिसेनासे झाले तर टोन बरोबर.

२५ ऑक्टोबर: सूर्य सरकला

ड-३ साठी उभं राहिलं तर सूर्य ठरल्या जागी मावळेना. ३ तारखेला पाहिलं तेव्हा तो रांगेच्या मध्यावर उतरत होता, आज चांगलाच डावीकडे. या तीन आठवड्यांत सूर्य दक्षिणेला सुमारे आठ अंश उतरतो, आणि मावळतीची जागा त्याहून थोडी जास्तच सरकते. हात ताठ धरून मूठ वळली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश. म्हणजे जवळजवळ एक मूठ. झाडांच्या सावल्या पाण्यावर वेगळ्याच तिरप्या पडतात.

हे आखणीत धरायला हवं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये हा बदल सर्वांत वेगवान असतो, डिसेंबर आणि जूनमध्ये सर्वांत संथ. तिन्ही ड पॅनेलं एका आठवड्यात उरकायची होती. ड-३ आता वेगळी चौकट धरून केलं, रांगेची फक्त डावी बाजू.

२ नोव्हेंबर: निवड

बारा पॅनेलं भिंतीला टेकवून एकत्र पाहिली, उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात. उन्हात पाहायची नाहीत, आणि पिवळ्या दिव्याखाली तर नाहीच.

टिकलेली: अ-१, अ-३, ब-१, क-२, ड-२. सगळी तासाभरात संपवलेली आहेत. ज्यांच्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘जरा सुधारणा’ झाली ती एकजात मंदावलेली. अपवाद अ-३, पण तेही दोन्ही दिवशी त्याच धुक्यात झालं.

मोठ्या कॅनव्हाससाठी ब-१. जोडीला पाण्यासाठी ड-२ नाही; मोह होता, पण दोन प्रहरांचं मिश्रण ड-१ मध्ये पाहून झालंय.

५ नोव्हेंबर: कॅनव्हास

लिनन ७५ × १०२ सेंमी कापलं, चारही बाजूंना ५ सेंमी जास्त. स्टेपल बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोर. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर कापडात तिरपी लाट राहते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. जेसोचे तीन हात, तोच राखाडी.

ब-१ मोठं करून उतरवण्यासाठी चौकटी आखताना लक्षात आलं की प्रमाण जुळत नाही. ४० चे ९२ करायचे तर २.३ पट, त्याने ३० चे ६९ होतात, कॅनव्हास मात्र ६५. चार सेंमी जास्त, म्हणजे पॅनेलवर सुमारे १.७ सेंमी. ती पट्टी खालून, अलीकडच्या काठातून कापली. वरून कापली असती तर शेंड्यांना हवा उरली नसती.

९ ते २४ नोव्हेंबर: थर

९ ला पहिला थर: टर्पेंटाइनने पातळ, चार आकार, पॅनेलसारखेच. पॅनेलवरचे फटकारे २.३ पट मोठे करायचे नाहीत. तसं केलं की चित्र फुगवलेल्या फोटोसारखं दिसतं. ब्रश मोठे (१० आणि १२ नंबर), पण जिथे पॅनेलवर एक फटकारा होता तिथे आता तीन-चार, जवळच्या छटांचे.

१६ ला दुसरा थर, ट्यूबमधला रंग तसाच. पातळावर जाड, कमी तेलावर जास्त तेल, हा क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि खालचा हलताना त्याला तडे जातात. कोबाल्टचे भाग दोन-तीन दिवसांत हाताला वाळले, कॅडमियमचे आठवड्यानेही चिकट. म्हणून आकाशावर आधी काम, झाडांवर नंतर.

२४ ला तिसरा. खालचा थर वाळून खडबडीत झालाय. त्यावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचांत खालचा रंग दिसत राहतो. पाण्यावरची चमक अशीच आली. ब्रश चपटा धरायचा, दाब अगदी कमी. शेवटच्या उजेडांसाठी रंगात थोडं जवसाचं तेल.

घरात बसून पूर्ण करणं ही फसवणूक नव्हे. रूआँच्या कॅथेड्रलचे कॅनव्हास मोनेने १८९२ आणि १८९३ मध्ये समोर बसून केले, पण बरेचसे पूर्ण झाले ते त्याच्या राहत्या गावी, जिव्हर्नीच्या स्टुडिओत. मात्र समोरचं पॅनेल हेच प्रमाण मानायचं, आठवण नाही. आठवणीत गवत नेहमी जास्त हिरवं असतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

८ डिसेंबर: मॅट डाग

झाडांच्या सावलीत मॅट, राखाडी डाग. तेल खाली शोषलं गेलंय, रंग ‘बसलाय’. यावर पुन्हा रंग लावायची घाई नको, कारण डागाचा टोन खोटा असतो. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, अगदी थोडं, फक्त डागांवर चोळलं. दहा मिनिटांनी कोरड्या मऊ फडक्याने उरलेलं पुसलं. गडद पुन्हा खोल दिसतोय. सबंध चित्राला हे लावायचं नाही, पुढे पिवळेपणा येतो.

२१ डिसेंबर: बंद

वार्निश आत्ता नाही. जाड भाग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष. नंतरही लावायचं की नाही हे तेव्हा ठरेल. चकचकीत वार्निशने खडबडीत पृष्ठभागाचे उंचवटे लुकलुकतात आणि फिकट सावल्या गडद होतात. मोनेचा समकालीन चित्रकार पिसारोने काही चित्रांना वार्निश लावू नये असं बजावलं होतं ते याच कारणाने पटतं.

पॅनेलं खाचांच्या पेटीत उभी, एकमेकांपासून दोन सेंमी अंतरावर, उजेडात. पूर्ण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने: तारीख, सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ, उजेडाचं अक्षर, वापरलेले रंग, ग्राउंडचं मिश्रण. ड-१ च्या पाठीवर शिवाय: ‘२५ व्या मिनिटाला थांबायला हवं होतं.’